थर्मामीटर फोडून ताप उतरत नाही

या ब्लॉगवर आपण एरवी मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड, लसी यांविषयी बोलतो. आजचा विषय वरवर पाहता वैद्यकीय नाही. सरकारी कर्मचारी आतली माहिती बाहेर देतो, तेव्हा त्याला फितूर म्हणायचं की आणखी काही? वाचकहो, माझ्या मते हा प्रश्न तुमच्या रक्तदाबाइतकाच तुमच्या आयुष्याशी निगडित आहे. म्हणून आज थोडं कडक लिहिणार आहे.

साथ आली, एखाद्या वॉर्डात मृत्यू झाले, एखाद्या औषधाची तक्रार आली, की एक परिपत्रक ठरलेलं असतं : 'प्राधिकृत अधिकाऱ्याव्यतिरिक्त कोणीही प्रसारमाध्यमांशी बोलू नये.' पाठोपाठ बातमी आलीच तर चौकशी लागते. ती मृत्यू का झाले याची लागेल असं नाही, पण बातमी कुणी फोडली याची हमखास लागते. रुग्णाला ताप आहे म्हणून डॉक्टरने थर्मामीटरच फोडावा, असा हा उपचार आहे.

मराठीत अशा माणसासाठी चांगला शब्द आहे : जागल्या. जुन्या गावगाड्यात रात्री गस्त घालणारा आणि चोर दिसला की ओरडणारा माणूस. ओरडणं हेच त्याचं काम होतं आणि त्यासाठीच गाव त्याला पोसत असे. ओरडून आमची झोप मोडलीस, म्हणून त्याला कुणी शिक्षा करत नसे. आज मात्र आपण नेमकं तेच करतो आहोत.

गुपित कुणाचं?

'डॉक्टर असून तुम्ही माहिती फोडण्याचं समर्थन करता? मग रुग्णाच्या गोपनीयतेचं काय?' हा प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी त्याचा निकाल लावू.

रुग्णाचं गुपित आणि कार्यालयाचं गुपित या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखाद्या व्यक्तीला एचआयव्ही आहे हे चारचौघांत सांगणं हा अपराध आहे. २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने ते स्पष्ट केलं आहे. पण तालुक्यात कावीळीचे किती रुग्ण सापडले, पाण्याचा नमुना दूषित निघाला का, अतिदक्षता विभागातला ऑक्सिजन कमी पडला का, हे कुणाही रुग्णाचं गुपित नाही. ती त्या पाण्याची, त्या ऑक्सिजनची माहिती आहे. तिच्यावर 'गोपनीय' असा शिक्का मारला, तर संरक्षण रुग्णाला मिळत नाही. ते मिळतं खुर्चीला.

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या आचारसंहितेतही हा फरक आहे. तिच्यानुसार रुग्णाचं गुपित जपायचं आहे, पण एखाद्या व्यक्तीला वा समाजाला गंभीर धोका असेल तेव्हा आणि कळवणं बंधनकारक असलेल्या रोगांच्या बाबतीत अपवाद आहे. व्यवसायबंधूंचं अप्रामाणिक किंवा अनैतिक वर्तन न भिता, कुणाची भीड न ठेवता उघड करावं, असंही ती सांगते. साथीच्या रोगांच्या प्रतिबंधाविषयी लोकांना माहिती द्यावी, असंही सांगते. म्हणजे सरकारी डॉक्टरच्या डोक्यावर दोन नियमपुस्तकं आहेत. एक म्हणतं 'बोल', दुसरं म्हणतं 'गप्प बस'. पगार आणि बदली दुसऱ्याच्या हातात असल्यामुळे बहुधा दुसरंच जिंकतं.

एका क्षयरोग्याइतका साधा प्रश्न : औषध का दिलं नाही?

आता इतिहासाकडे पाहू. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने १९३२ मध्ये अलाबामातल्या टस्कीगी इथे एक अभ्यास सुरू केला. गरीब कृष्णवर्णीय पुरुष निवडले : उपदंश म्हणजे सिफिलिस झालेले ३९९ आणि न झालेले २०१. 'तुमचं रक्त खराब आहे, आम्ही उपचार करतो' असं त्यांना सांगितलं. प्रत्यक्षात रोग शरीराची कशी वाताहत करतो, एवढंच पाहायचं होतं. १९४०च्या दशकात पेनिसिलिन आलं आणि उपदंश बरा होऊ लागला. या माणसांना मात्र ते दिलं गेलं नाही.

पीटर बक्स्टन हा याच सेवेतला सॅन फ्रान्सिस्कोतला एक कनिष्ठ कर्मचारी होता. गुप्तरोगाच्या रुग्णांच्या मुलाखती घेणं हे त्याचं काम. सहकाऱ्यांच्या गप्पांत त्याला या अभ्यासाची कुणकुण लागली. त्याने कागद मागवले, वाचले आणि १९६६ मध्ये वरिष्ठांकडे लेखी हरकत घेतली. त्याला बोलावून झापलं गेलं. १९६८ मध्ये त्याने पुन्हा लिहिलं. १९६९ मध्ये तज्ज्ञांची समिती बसली आणि तिने ठरवलं की अभ्यास चालू ठेवायचा! अखेर नोकरी सोडल्यावर त्याने ती कागदपत्रं पत्रकारांकडे दिली. जुलै १९७२ मध्ये बातमी छापून आली आणि त्याच वर्षी अभ्यास बंद झाला. चाळीस वर्षं जे थांबलं नाही, ते काही महिन्यांत थांबलं.

इथे दोन गोष्टी लक्षात घ्या. पहिली, तो आधी 'योग्य मार्गाने'च गेला होता, तेही दोनदा. दुसरी, हा अभ्यास तळघरात लपवलेला नव्हता. त्यावरचे लेख वैद्यकीय नियतकालिकांत छापून येत होते आणि माझ्याच व्यवसायातली शिकलेली माणसं ते वाचून पान उलटत होती. १९७४चा अमेरिकेतला संशोधनविषयक कायदा आणि १९७९चा बेलमाँट अहवाल हे या गौप्यस्फोटाचंच फळ. आज तुम्ही कुठल्याही औषधचाचणीत भाग घेता तेव्हा तुमची समजून-उमजून दिलेली संमती घेतली जाते. त्यामागे त्या 'फितुरा'चाही हात आहे.

सार्स, आणि पुन्हा तेच

३ एप्रिल २००३. चीनच्या आरोग्यमंत्र्यांनी जाहीर केलं की बीजिंगमध्ये सार्सचे अवघे १२ रुग्ण आहेत आणि ३ मृत्यू. जियांग यानयोंग हे लष्करी रुग्णालयातले ज्येष्ठ, निवृत्त शल्यचिकित्सक ते ऐकत होते. एकट्या एका रुग्णालयातच ६० रुग्ण आणि ७ मृत्यू झाल्याचं त्यांना सहकाऱ्यांकडून कळलं होतं. त्यांनी वाहिन्यांना पत्र पाठवलं. ते दाबलं गेलं, पण 'टाइम' साप्ताहिकापर्यंत पोचलं आणि ८ एप्रिलला प्रसिद्ध झालं. २० एप्रिलला आरोग्यमंत्री आणि बीजिंगचे महापौर पायउतार झाले आणि शहराचा अधिकृत आकडा ३७ वरून एकदम ३३९ वर गेला. एका रात्रीत तीनशे माणसं आजारी पडली नव्हती. ती आधीच आजारी होती, फक्त कागदावर नव्हती.

सार्सने जगभरात ७७४ बळी घेतले. त्या अनुभवानंतर जागतिक आरोग्य संघटनेचे आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम २००५ मध्ये बदलले गेले. आता सरकारने कळवलं नाही तरी संघटना इतर स्रोतांकडून आलेल्या माहितीची दखल घेऊ शकते आणि सबळ कारण असेल तर तो स्रोत गुप्तही ठेवू शकते. 'सरकारं कधी कधी लपवतात' हे सगळ्या जगाने नियमाच्या भाषेत मान्य केलं, असाच याचा अर्थ.

तरीही डिसेंबर २०१९ मध्ये वुहानच्या सरकारी रुग्णालयातले नेत्रतज्ज्ञ ली वेनलियांग यांनी डॉक्टर मित्रांच्या गटावर सावधगिरीचा निरोप टाकला, तेव्हा ३ जानेवारी २०२० रोजी पोलिसांनी त्यांच्याकडून समजपत्रावर सही घेतली. आरोप काय, तर अफवा पसरवली. ७ फेब्रुवारीला ते त्याच आजाराने गेले. मार्चमध्ये पोलिसांनी ते समजपत्र मागे घेतलं. पुढची दोन वर्षं काय झालं, ते तुम्हाला मी सांगायला नको.

'हे चीनमध्ये, लोकशाहीत असं होत नाही,' असं म्हणणाऱ्यांनी टस्कीगी पुन्हा वाचावं. आणि रोफेकॉक्सिबही आठवावं. सांधेदुखीची ही गोळी 'वायॉक्स' नावाने जगभर विकली जात होती. हृदयविकाराच्या झटक्यांमुळे कंपनीने ती सप्टेंबर २००४ मध्ये मागे घेतली. त्या वर्षी १८ नोव्हेंबरला अमेरिकी औषध प्रशासनातलेच डॉ. डेव्हिड ग्रॅहम सिनेटच्या समितीसमोर उभे राहिले. या औषधामुळे अमेरिकेत ८८ हजार ते १ लाख ३९ हजार जणांना जास्तीचे हृदयविकाराचे झटके वा अचानक हृदय बंद पडण्याचे प्रकार घडले असावेत, असा अंदाज त्यांनी मांडला. आपल्याच कार्यालयात आपले निष्कर्ष सौम्य करण्यासाठी दबाव आला, असंही सांगितलं. आणखी पाच औषधांकडे त्यांनी बोट दाखवलं. त्यांतलं वजन घटवण्यासाठी दिलं जाणारं सिब्युट्रामिन २०१० मध्ये तिथे आणि त्यानंतर भारतातही बाद झालं. त्या पाचांपैकी काही औषधं आजही वापरात आहेत, म्हणजे जागल्याचा प्रत्येक इशारा शंभर टक्के खरा ठरतो असं नाही. पण तपासणी व्हायला आधी इशारा यावा लागतो.

आपल्या अंगणात

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६च्या सुरुवातीला ग्लिसेरॉल दिलेल्या १४ रुग्णांचा मृत्यू झाला. त्या ग्लिसेरॉलमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल होतं. हे रसायन मूत्रपिंडं निकामी करतं. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने रुग्णालयापासून औषध प्रशासन आणि मंत्र्यांपर्यंत सर्वांवर कठोर ताशेरे ओढले. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडची लहान मुलं खोकल्याच्या औषधाने दगावली. त्यांतली अनेक उपचारासाठी आपल्या नागपुरात आणली गेली होती. विष तेच, डायइथिलीन ग्लायकॉल. तामिळनाडूच्या प्रयोगशाळेला त्या बॅचमध्ये ते ४८.६ टक्के सापडलं. मान्य मर्यादा ०.१ टक्का आहे.

जवळपास चाळीस वर्षांत आपण काय शिकलो? एखादं औषध रुग्णाच्या तोंडात जाण्याआधी कारखाना, परवाना, तपासणी, खरेदी आणि साठा अशा कितीतरी टेबलांवरून जातं. इतक्या टेबलांवरच्या कुणालाच काही खटकत नसेल, यावर माझा विश्वास नाही. पण ज्याला खटकतं, त्याने जायचं कुठे?

सत्येंद्र दुबे आठवतात? राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातले तरुण अभियंता. सुवर्ण चतुष्कोन प्रकल्पातला भ्रष्टाचार त्यांनी थेट पंतप्रधान कार्यालयाला कळवला आणि नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. पत्र नावासकट फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गयेत त्यांचा खून झाला. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने रेटा लावला, म्हणून २००४ मध्ये केंद्राने एक ठराव काढला आणि तक्रारी घेण्याचं काम केंद्रीय दक्षता आयोगाकडे दिलं. हा ठराव केंद्र सरकार आणि त्याच्या उपक्रमांपुरता. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या परिचारिकेला त्याचा काही उपयोग नाही.

पुढे २०१४ मध्ये जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. ९ मे २०१४ रोजी राष्ट्रपतींची सही झाली. आणि तो कायदा आजतागायत लागूच केलेला नाही! लागू होण्याची तारीख सरकारने अधिसूचित करायची होती, ती केलीच नाही. आम्ही प्रिस्क्रिप्शन लिहायचं आणि औषधाच्या दुकानाला कुलूप, त्यातला हा प्रकार.

तो लागू झाला तरी पुरेसा आहे का? त्यात निनावी तक्रारीची दखल नाही. खोटी तक्रार ठरली तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि तीस हजारांपर्यंत दंड. वृत्तपत्राकडे गेलेल्याला संरक्षण नाही. बक्स्टन भारतात असता, तर या कायद्याने त्याला वाचवलं नसतं. तरी नसण्यापेक्षा असलेला बरा, म्हणून तो आधी लागू करा, असं माझं म्हणणं आहे.

आकडा कसा आक्रसतो

दडवणं म्हणजे नेहमी खोटं बोलणंच असतं, असं नाही. डेंग्यूचं उदाहरण घ्या. खासगी दवाखान्यात झटपट कार्डावर एनएस-१ पॉझिटिव्ह आलं, तर सरकारी हिशेबात तो रुग्ण 'संशयित'. एलायझा तपासणीत आलं तर 'निश्चित'. शास्त्राच्या दृष्टीने हा भेद बरोबर आहे, कारण कार्डाच्या चाचणीत चुका जास्त होतात. मृत्यूचं कारण ठरवायला समिती बसते, तेही योग्यच. पण पत्रकात फक्त 'निश्चित' आकडा द्यायचा, संशयितांची रांग गाळायची आणि समितीची बैठक साथ ओसरल्यावर घ्यायची, असं केलं की एकही खोटा शब्द न बोलता साथ नाहीशी होते. मग लोक टाक्या रिकाम्या करत नाहीत, आई तापलेल्या मुलाला चौथ्या दिवशी आणते आणि प्लेटलेट तोवर कोसळलेल्या असतात.

सरकारी नोकरीतले माझे वर्गमित्र हे सगळं खासगीत सांगतात आणि वर म्हणतात, 'माझं नाव कुठे येऊ देऊ नकोस.' ही माणसं भित्री नाहीत. यांनीच कोविडच्या वॉर्डात रात्री काढल्या. त्यांना विषाणूची वाटत नव्हती, एवढी धास्ती कारणे दाखवा नोटिशीची वाटते. याची लाज त्यांना नव्हे, आपल्याला वाटायला हवी.

आणखी एक गंमत पाहा. देशाच्या रोगसर्वेक्षण कार्यक्रमात २००८ पासून एक कक्ष आहे, त्याचं काम बातम्या चाळून साथींचा सुगावा लावणं. म्हणजे एक सरकारी कर्मचारी वृत्तपत्रात साथ शोधतो आणि दुसऱ्याला वृत्तपत्राशी बोलायला बंदी!

नेहमीचे आक्षेप

*'घबराट पसरेल.'* घबराट माहितीने कमी आणि माहितीच्या अभावाने जास्त पसरते. अधिकृत आकडा विश्वासार्ह नसला की लोक व्हॉट्सअॅपवरचा घेतात. कर्करोगाचं निदान रुग्णापासून लपवावं, असं पूर्वी आम्हा डॉक्टरांनाही वाटे. आज आपण ते नीट, धीर देऊन सांगतो. समाजालाही तसंच सांगता येतं.

*'अर्धवट माहिती बाहेर जाते.'* खरं आहे. मग पूर्ण माहिती तुम्ही द्या. दर आठवड्याला संशयित, निश्चित आणि मृत्यू असे तिन्ही आकडे प्रसिद्ध झाले, तर फोडायला उरतं काय?

*'असे लोक खुन्नस काढतात.'* काही काढतातही. पण रुग्ण भांडखोर असला म्हणून त्याचा अपेंडिक्स फुटत नाही का? तक्रार करणाऱ्याचा हेतू नंतर पाहू, आधी पोट तपासू.

*'शिस्त बिघडेल.'* शिस्त कामाची असते. चूक दिसूनही गप्प बसण्याला संगनमत म्हणतात.

मात्र माझी बाजूही सरसकट नाही. माहिती बाहेर देणाऱ्याने स्वतःला चार प्रश्न विचारावेत : यात कुणाच्या जिवाला धोका आहे का? शक्य तिथे मी आधी आत लेखी कळवलं का? माझ्याकडे ऐकीव गोष्ट आहे की कागद? आणि रुग्णांची नावं, ओळख मी पुसली का? चौघांचं उत्तर 'हो' असेल, तर त्या माणसाला मी गुन्हेगार मानणार नाही. पैशासाठी रुग्णांच्या नोंदी विकणारा आणि हा, दोघांना एकाच पारड्यात तोलू नका.

आपण काय करू शकतो?

पहिलं, माहितीचा अधिकार वापरा. २००५च्या कायद्यानुसार एखाद्याच्या जीविताशी संबंधित माहिती ४८ तासांत द्यावी लागते. गोपनीयतेपेक्षा जनहित मोठं असेल, तर माहिती देता येते, असंही तो कायदा म्हणतो.

दुसरं, औषधाचा दुष्परिणाम वाटला तर गप्प बसू नका. तुमच्या डॉक्टरांना सांगा, किंवा राष्ट्रीय औषधसुरक्षा कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर कळवा. त्यासाठी डॉक्टर असण्याची गरज नाही. औषधाची बाटली आणि तिच्यावरचा बॅच क्रमांक मात्र जपून ठेवा.

तिसरं, मतं मागायला येणाऱ्या प्रत्येकाला विचारा : २०१४चा कायदा कधी लागू करणार? राज्याच्या आरोग्य कर्मचाऱ्यांना संरक्षण कधी देणार? साथीचे आकडे दर आठवड्याला वॉर्डनिहाय का देत नाही?

आणि चौथं, आपल्या हातातलं. पुढच्या वेळी रुग्णालयातली एखादी बातमी बाहेर आली, की 'कुणी फोडली?' या चर्चेत पडू नका. 'ती खरी आहे का, आणि खरी असेल तर दुरुस्ती काय केली?' एवढं विचारत राहा.

वेदना कुणालाच आवडत नाही. पण मधुमेहात पायाची संवेदना गेलेल्या माणसाचं काय होतं, हे या ब्लॉगच्या नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे. खिळा टोचतो, कळत नाही, जखम चिघळते आणि एक दिवस पाय कापावा लागतो. व्यवस्थेच्या नसा बधिर करायच्या की जागत्या ठेवायच्या, हे आपल्याला ठरवायचं आहे.